डाळिंबाच्या खोडात बारीक भोकं दिसली तर: भुंगेरा, त्याची बुरशी आणि कामाचा क्रम

इंदापूर, बारामती, पुरंदर, शिरूर. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात मर (झाड वाळवून मारणारा रोग) लागलेल्या डाळिंबाच्या बागेत गेलं की साधारण एकच हकीकत ऐकायला मिळते. खोडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. दुकानातून औषध आणून खोड भिजवलं, आठ दिवसांनी पुन्हा भिजवलं. झाड वाळलं ते वाळलंच. मग ते तोडून बांधावर टाकलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्याच ओळीतली आणखी झाडं पिवळी पडली. दोष औषधावर जातो. पण बहुतेक ठिकाणी कामं उलट्या क्रमाने झालेली असतात: फवारणी पहिली, तपासणी कधीच नाही, आणि तोडलेल्या लाकडाचं काय झालं याकडे कोणाचं लक्ष नाही.

पुढचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा गाळला तर त्याच्या पुढचे टप्पे निम्मे वाया जातात.

## कामाला लागण्याआधी: शत्रू नक्की कोण

शेतकरी याला शॉट होल बोरर, पिन होल बोरर किंवा नुसतं खोड भुंगेरा म्हणतात. आपल्याकडे डाळिंबावर मुख्यतः युवॅलेशिया फॉर्निकेटस या गटातला भुंगेरा येतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत चहाच्या मळ्यांना छळणारा भुंगेराही याच गटातला. मादी दोन-अडीच मिलिमीटरची, काळपट तपकिरी. नर त्याहून लहान, त्याला उडता येत नाही, तो बोगद्यातच जन्मतो आणि तिथेच मरतो.

हा भुंगेरा लाकूड खात नाही. मादी लाकूड कुरतडते आणि भुस्सा बाहेर ढकलते. तिच्या जबड्याजवळ बारीक पिशव्या असतात, त्यांत ती बुरशीचे बीजाणू घेऊन येते आणि बोगद्याच्या भिंतींवर पेरते. झाडाच्या रसावर ही बुरशी वाढते. अळ्या आणि भुंगेरे खातात ती ही बुरशी. नव्या माद्यांचा बोगद्यातच भावांशी संयोग होतो, त्या पिशव्या पुन्हा भरून घेतात आणि उडून दुसरं झाड गाठतात. उबदार हवेत ही पिढी साधारण महिना-दीड महिन्यात तयार होते. म्हणजे एकच मादी सालीवर उतरली तरी तिच्याकडे पिल्लंही असतात आणि त्यांचं खाणंही.

यातून तीन गोष्टी निघतात, पुढचे सगळे टप्पे त्यांवर उभे आहेत:

- पोटात जाऊन मारणारं विष सालीवर मारलं तर ते भुंगेऱ्याच्या पोटात फारसं जात नाही, कारण तो कुरतडलेलं गिळत नाही.
- आतला भुंगेरा मेला तरी बुरशी लाकडात राहते आणि रसवाहिन्या बंद करत जाते.
- तोडलेलं लाकूड ओलं असेतोवर आतली बुरशी जिवंत राहते आणि त्यातून भुंगेरे निघत राहतात. बांधावरचा ढीग ही चालू असलेली नर्सरी आहे.

आणखी एक भेद इथेच नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. भुंगेऱ्याची पाळीव बुरशी वेगळी आणि मर रोगाची बुरशी वेगळी. पाळीव बुरशी फ्युझेरियमच्या कुळातली आहे. डाळिंबाची मर मुख्यतः सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी घडवते. ती मातीतून, मुळांतून, रोगट रोपांतून, वाहत्या पाण्यातून पसरते. भुंगेऱ्याचं तिच्यावाचून अडत नाही. पण सेराटोसिस्टिस असलेलं लाकूड त्याने पोखरलं की बाहेर पडणाऱ्या भुश्शात तिचे बीजाणू येतात, आणि वारा, पाणी, आपले हात तो भुस्सा पसरवतात. काही झाडांत मर आधी येते आणि कमजोर झाडावर भुंगेरा नंतर येतो. काही झाडांत नुसता भुंगेराच असतो. दोन्हींचा इलाज एक नाही.

## टप्पा १: तयारी

सगळं सामान आधी गोळा करा. एकदा तपासणी सुरू झाली की मधेच कात्री आणायला घरी जायचं नाही.

- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- जुना दात घासायचा ब्रश, कोरडा
- तेलकट शाईचा मार्कर किंवा पांढरा ऑइल पेंट
- धारदार चाकू, छोटी पटाशी, छाटणीची कात्री, हातकरवत
- सर्जिकल स्पिरिट आणि स्वच्छ फडकी
- कागदी पिशव्या, पेन्सिल
- झाकणाच्या छोट्या बाटल्या, चार-पाच
- बागेचा ओळवार कच्चा नकाशा

नकाशा काढायचा लोकांना कंटाळा येतो, पण काढाच. ओळ आणि झाड क्रमांक लिहिलेला असला तर आठ दिवसांनी कुठलं झाड नवीन हे कळतं. नकाशावर ड्रिपची मेन लाइन, पाणी साचणारी जागा, बांधावरची एरंडाची झाडं आणि जुन्या लाकडाचा ढीगही दाखवा. एरंड या भुंगेऱ्याच्या फार आवडीचा आहे. त्यात तो आरामात पिढ्या काढतो. बांधावर एरंड असेल तर तपासणी तिथूनही करायची.

तपासणी निरोगी दिसणाऱ्या बाजूने सुरू करून रोगट बाजूला संपवा. उलट केलंत तर कात्री, चप्पल, हात सगळं घाण घेऊन चांगल्या झाडांत जाईल.

> तपासा: हत्यार स्पिरिटने पुसण्याआधी त्याला चिकटलेला भुस्सा आणि चीक फडक्याने काढला का? भुश्शाखाली बुरशी सुरक्षित राहते. नुसतं स्पिरिट शिंपडून पातं निर्जंतुक होत नाही.

## टप्पा २: खोड वाचणं

जमिनीपासून दोन-अडीच फूट खोड, फांद्या फुटतात ती बेचकं आणि सावलीकडची बाजू आधी बघा. उभ्याने बघून काही दिसत नाही, खाली बसायचं.

भोक गोल, स्वच्छ कडेचं, साधारण १ मिलिमीटरचं असतं. आसपास मैद्यासारखा पांढरट भुस्सा सांडलेला असतो, कधी कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला, कधी बेचक्यात साठलेला. काही जातींचे भुंगेरे भुस्सा इतका घट्ट दाबून बाहेर ढकलतात की सालीवर पांढरी बारीक काडी उभी राहिल्यासारखी दिसते. वाऱ्याने, पावसाने ही काडी मोडते, म्हणून ती दिसली नाही तर भुंगेरा नाही असं समजू नका. भोकाभोवती साल ओलसर, काळपट डागाळलेली असू शकते.

भोक चालू आहे की जुनं, हे असं ठरवा. ब्रशने भुस्सा झाडून टाका. भोकांभोवती मार्करने गोल काढा, शेजारी तारीख लिहा. दोन दिवसांनी या. ताजा भुस्सा आला असेल तर आत काम चालू आहे. आठवड्याने पुन्हा या आणि गोलाच्या बाहेर नवी भोकं मोजा. एका भेटीत बघून "जुनी आहेत" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही अनुभवी असो.

इतर किडींशी गल्लत होते, ती अशी टाळा:

साल खाणारी अळी: खोडावर रेशमी धाग्यांत गुंफलेल्या भुश्शाचे पट्टे दिसतात, भोक बरंच मोठं असतं.

वाळवी: मातीचे थर किंवा बोगदे. त्याखाली साल खाल्लेली असते, गोल भोकं नसतात.

सुक्या लाकडाचा भुंगा: तोडून वाळलेल्या लाकडात येतो. त्याचे बोगदे पिठाने ठासून भरलेले असतात आणि भिंतींना डाग नसतो. आपल्या भुंगेऱ्याचा बोगदा आतून रिकामा, स्वच्छ, आणि भिंती तपकिरी-काळ्या.

> इशारा: भोकात तार घालणं आणि पेट्रोलचा बोळा कोंबणं थांबवा. मोठ्या अळीच्या एकेरी बिळासाठी तार चालायची. इथला बोगदा १ मिलिमीटरचा आहे, आत वळणं आणि फाटे आहेत. तार पहिल्या वळणावर अडते, आणि पेट्रोलने तेवढ्या जागची साल जळते.

## टप्पा ३: आत बघणं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. संशयित झाडाची एक बाधित फांदी किंवा अनेक खोडांपैकी सगळ्यात खराब खोड निवडा.

आधी भोकाजवळ साल नखाएवढी सोला. बुरशीचं काम चालू असेल तर भोकाभोवतीचं लाकूड तपकिरी झालेलं दिसतं, जरा लांबचं लाकूड फिकट पिवळसर पांढरं. मग तीच फांदी भोकांच्या पातळीवर आडवी कापा आणि काप उजेडात धरा.

नुसता भुंगेरा असेल तर बोगद्याच्या रेषेने, त्याच्या दोन्ही बाजूंना डाग दिसतो. बाकी लाकूड स्वच्छ. पटाशीने बोगदा उभा फोडला आणि भिंगातून पाहिलं तर भिंतीवर पांढुरका ओलसर थर दिसतो आणि त्यात तांदळाच्या कणीहून लहान, पाय नसलेल्या पांढऱ्या अळ्या असतात. हा थर म्हणजेच ती पाळलेली बुरशी. भुंगेरे निघून गेले की बोगदा काळा आणि कोरडा पडतो.

मर असेल तर चित्र वेगळं. डाग बोगद्याशी बांधलेला नसतो. गाभ्याकडून बाहेर किरणांसारखे काळपट-तपकिरी पट्टे पसरलेले असतात, चांदणीच्या आकाराचे. जिथे भोक नाही तिथेही डाग असतो. खोडाच्या बुडाशी माती चार-सहा इंच उकरा, एक जाड मूळ कापून बघा. मुळातही हाच डाग असेल तर रोग खालून वर आलाय.

त्याच वेळी बारीक मुळांवर गाठी आहेत का तेही बघून घ्या. सूत्रकृमीने (मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींनी) फोडलेली मुळं मर रोगाला सोपी वाट करून देतात, आणि त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

> तपासा: कापलेल्या जागेवर डाग कुठपर्यंत जातो? डाग संपून स्वच्छ लाकूड लागेपर्यंत खाली-खाली काप घेत जा. ही उंची वहीत लिहा, टप्पा ६ मध्ये निर्णय यावरच होणार आहे.

## टप्पा ४: गाजराची चाचणी

सेराटोसिस्टिस ओळखायला जगभरातले वनस्पतिरोगतज्ज्ञ गाजर वापरतात. ही बुरशी गाजरावर आवडीने वाढते. चाचणी घरात करता येते, खर्च नगण्य.

ताजं, कडक गाजर स्वच्छ धुऊन, वरून स्पिरिटने पुसून अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. चाकू दर वेळी पुसा. डागाळलेल्या आणि स्वच्छ लाकडाच्या सीमेवरून काडेपेटीच्या काडीएवढ्या पातळ ढलप्या काढा. मधोमधच्या पार काळ्या, मेलेल्या लाकडातून काढू नका, तिथे इतर बुरश्यांनी घर केलेलं असतं. दोन चकत्यांच्या मध्ये ढलप्या ठेवून रबरबँड लावा. ओला टिश्यू अंथरलेल्या डब्यात ठेवा, झाकण सैल ठेवा. निरोगी झाडाच्या लाकडाची अशीच एक जोडी वेगळ्या डब्यात ठेवा.

डबे घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवायचे. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले तर गाजर नासेल, बाकी काही कळणार नाही.

पाचव्या दिवसापासून भिंगाने बघायला लागा, दहा-बारा दिवस बघा. तुम्ही शोधताय ते असं: चकतीवर काळे, खसखशीहून लहान गोळे, प्रत्येकातून केसासारखी काळी लांब मान उभी, आणि मानेच्या टोकावर फिकट मलईच्या रंगाचा थेंब. हे एकदा भिंगातून पाहिलं की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

पांढरा कापूस, हिरवी पावडर, गुलाबी लव, काळी केसाळ बुरशी यातल्या कशावरूनही काही ठरवू नका. आणि काळ्या मानेचे गोळे दिसले नाहीत म्हणून मर नाही असंही नाही, कधी ढलपी चुकीच्या जागची असते. टप्पा ३ मधला चांदणीसारखा डाग स्पष्ट असेल तर प्रयोगशाळेत जाच.

चाचणी झाल्यावर गाजरं खड्ड्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. डब्यासकट उकळत्या पाण्यात घाला, मग फेका.

## टप्पा ५: प्रयोगशाळेसाठी नमुना

कृषी विज्ञान केंद्र (बारामतीचं किंवा नारायणगावचं), शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय, सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, यांपैकी जे जवळ असेल तिथे आधी फोन करून नमुना कसा हवा ते विचारा. बुरशीची जातच ओळखून हवी असेल तर पुण्यात आगरकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथली ओळख हे शास्त्रीय काम आहे, बागेचा सल्ला मात्र कृषी संस्थेकडूनच घ्यायचा.

नमुना घेताना तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, पूर्ण वाळलेली फांदी नेतात. त्यात मूळ रोगाची बुरशी सापडणं कठीण असतं. अर्धी पिवळी, अर्धी हिरवी अशा झाडाचं, डागाची कड असलेलं, वीतभर लांबीचं लाकूड न्या. शक्य झालं तर मुळाचा तुकडाही.

दुसरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतात. गाडीत दोन तास तापलं की आत घाम सुटतो आणि वरवरच्या बुरश्या सगळं व्यापतात. वर्तमानपत्रात गुंडाळा, कागदी पिशवीत घाला, सावलीत ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच पोहोचवा.

तिसरी चूक सुशिक्षित लोकही करतात: सगळे भुंगेरे स्पिरिटच्या बाटलीत टाकतात. कीटक ओळखायला ते बरोबर आहे. पण जबड्याजवळच्या पिशवीतली बुरशी वाढवून बघायची असेल तर स्पिरिटमध्ये ती मेलेली असते. म्हणून दोन बाटल्या करा. एकीत चार-पाच भुंगेरे स्पिरिटमध्ये. दुसरीत चार-पाच जिवंत, किंचित ओलसर टिश्यूच्या तुकड्यासह, झाकण घट्ट.

प्रत्येक पिशवीवर पेन्सिलने गाव, तारीख, ओळ-झाड क्रमांक, झाडाचं वय, शेवटचा बहार (फळांचा हंगाम) आणि शेवटचं औषध लिहा. पेनची शाई स्पिरिटने पुसली जाते.

## टप्पा ६: ठेवायचं की काढायचं

अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून हा निर्णय बहुतेक वेळा वहीतल्या नोंदींवर घ्यावा लागतो.

भोकं फक्त एका फांदीवर, डाग बोगद्यापुरता, बुडाशी लाकूड स्वच्छ: फांदी काढा, झाड ठेवा. आपल्याकडे डाळिंब तीन-चार खोडांवर वाढवायची पद्धत असल्याने एक पूर्ण खोड काढूनही झाड वाचतं.

बुडाशी किंवा मुळात चांदणीसारखा डाग, किंवा गाजरावर काळ्या मानेचे गोळे: झाड मुळासकट काढायचं. फळं लागलेली आहेत, एवढा बहार घेऊ आणि मग काढू, हा मोह मी समजू शकतो. एका झाडाच्या क्रेटभर मालासाठी तीन-चार महिने रोगट मूळ जमिनीत राहतं आणि त्याच लॅटरलवरच्या (ड्रिपच्या ओळीतल्या नळीवरच्या) झाडांना रोज पाणी मिळत राहतं. माझं मत ठाम आहे, काढा.

मधल्या परिस्थितीत, म्हणजे खोडावर भरपूर चालू भोकं पण मुळं स्वच्छ असतील तेव्हा, झाडाची पालवी बघा. पानं तजेलदार असतील तर जमिनीलगत निरोगी फुटवा राखून बाधित खोड काढता येतं. शेंडे कोमेजलेले असतील तर झाड वाचवायचा खर्च वसूल होत नाही.

## टप्पा ७: काढणी, याच क्रमाने

१. आधी त्या झाडाचे ड्रिपर बंद करा. आळ्यातून वाहून जाणारं पाणी बांध घालून अडवा.

२. चारही बाजूंच्या शेजारच्या झाडांना चुन्याची खूण करा. आता ती संशयित आहेत, टप्पा २ ची तपासणी त्यांना दर आठवड्याला.

३. खाली जुनी ताडपत्री अंथरा. करवतीचा भुस्सा मातीत पडू द्यायचा नाही.

४. काम कोरड्या, वारा नसलेल्या सकाळी करा. भुंगेरे दुपारपासून तिन्हीसांजेपर्यंत जास्त उडतात, त्याआधी लाकूड झाकलेलं असायला हवं.

५. फांदी काढायची असेल तर डाग संपल्यावर आणखी वीतभर खाली कापा. काप पाहा, टिपका जरी दिसला तरी पुन्हा खाली.

६. झाड काढायचं असेल तर बुडखा आणि जाड मुळं उकरून काढा. खड्ड्याची माती त्याच जागी राहू द्या. फावड्याने ती शेजारच्या आळ्यात जाते, आणि हे इतक्या सहज घडतं की मजुरांना आधी बजावून ठेवावं लागतं.

७. राहिलेल्या झाडाच्या कापावर त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी भांडं वापरू नका. मिश्रणात स्वच्छ लोखंडी सळई मिनिटभर धरा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा.

> इशारा: बोर्डो पेस्ट कापलेली जागा बुरशीपासून झाकते. आत बसलेल्या भुंगेऱ्याला तिचा काही त्रास होत नाही. चालू भोकांवर पेस्ट लिंपून काम झालं असं समजू नका.

## टप्पा ८: लाकडाची विल्हेवाट

सगळ्यात जास्त बागा इथे जातात. झाड वेळेत काढलेलं असतं, कापही नीट घेतलेला असतो, आणि लाकूड बांधावर किंवा घरामागे सरपणाच्या ढिगात महिनाभर पडून असतं. जाड ओंडका आतून लवकर वाळत नाही. आतल्या अळ्यांना झाड मेल्याचं काही घेणं नाही, बुरशी वाढतेय तोवर त्या वाढतात आणि भुंगेरे होऊन उडतात.

लाकूड त्याच दिवशी संपवायचं, हा नियम. मार्ग तीन.

जाळणं. मर असलेल्या लाकडाला, बुडख्याला आणि मुळांना हाच मार्ग धरा. सेराटोसिस्टिसचे जाड कवचाचे बीजाणू लाकडात आणि मातीत दीर्घकाळ तग धरतात. शक्यतो त्याच खड्ड्यात, ड्रिपच्या नळ्या बाजूला करून, वारा बघून जाळा. अर्धवट जळलेले ओंडके तसेच सोडू नका. पुणे शहराच्या हद्दीत किंवा सोसायटीच्या बागेत उघड्यावर जाळायला मनाई आहे, तिथे पुढचा मार्ग.

बारीक करणं आणि उन्हात तापवणं. नुसता भुंगेरा असलेलं लाकूड श्रेडरमधून २.५ सेंटीमीटरहून बारीक करा. एवढ्यानेच बहुतेक भुंगेरे मरतात. मग चुरा पारदर्शक प्लॅस्टिकखाली दोन फुटांहून कमी उंचीच्या थरात पसरा आणि कडा मातीने घट्ट दाबा. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकाखाली ऊन आत जाऊन ढीग जास्त तापतो. एप्रिल-मे च्या उन्हात किमान सहा आठवडे ठेवा. पावसाळ्यात हा मार्ग चालत नाही. ढग असले की आत ताप होत नाही, उलट ओल टिकते.

झाकून ठेवणं. श्रेडर मिळेपर्यंतची तात्पुरती सोय. ओंडके जाड ताडपत्रीत सगळीकडून बंद करून कडा मातीत पुरा. चार दिवसांत काही ठरवा, चार महिने नाही.

सरपण म्हणून कोणाला देऊ नका, वीटभट्टीला विकू नका, ट्रॉलीतून दुसऱ्या गावाला नेऊ नका. भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही, ट्रॉलीतून मात्र कितीही लांब जातो. पुरंदरमध्ये डाळिंबाशेजारी अंजीर असतं, तिथे तर विशेष जपा: जपानमध्ये अंजिराची मर घडवणारी सेराटोसिस्टिसचीच एक जात आणि युवॅलेशिया भुंगेरा यांची जोडी नोंदलेली आहे.

हा चुरा डाळिंबात आच्छादन म्हणून कधीही वापरायचा नाही, तापवलेला असला तरी.

## टप्पा ९: शेजारची झाडं, आणि आता औषध

औषधाची पाळी इथे येते, आणि ती निरोगी झाडांसाठी. खोडावर लावलेल्या औषधाचा उपयोग मादी साल कुरतडायला बसते तेवढ्या वेळापुरता. ती एकदा आत गेली की तुमचं औषध बाहेर आणि ती आत.

म्हणून खूण केलेल्या चार झाडांपासून सुरुवात करून, जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत खोडाला गेरूची पेस्ट लावतात. तिच्यात कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळायची शिफारस असते. कोणतं आणि किती, हे कृषी विज्ञान केंद्राकडून चालू हंगामासाठी लिहून घ्या आणि डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहा. शिफारशी बदलतात, काही औषधं बंद होतात. निर्यातीसाठी अनारनेटवर (निर्यातीच्या डाळिंब बागांची ऑनलाइन नोंद) नोंदलेली बाग असेल तर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ आधी बघा, औषध नंतर निवडा.

लावण्याची पद्धतही नीट हवी. खोडावरची सुटी साल, जुनी माती, शेवाळ गोणपाटाने घासून काढा. बेचकं आणि खोडांच्या आतल्या बाजू ब्रशने भरा, मजूर बाहेरची दर्शनी बाजूच रंगवतात. पेस्ट लावल्यावर पाऊस झाला तर पुन्हा लावा. हातमोजे आणि मास्क घालूनच.

> तपासा: पेस्ट लावण्याआधी भोकांभोवतीच्या गोलांचा फोटो काढला का? गेरूखाली मार्करच्या खुणा जातात आणि पुढच्या आठवड्याची मोजणी बुडते.

## टप्पा १०: पाणी, ताण आणि सापळा

मुळांभोवती पाणी साचून हवा कमी पडली की झाडात अल्कोहोल तयार होतं. त्या वासावर अशा बुरशी पाळणाऱ्या अनेक जातींचे भुंगेरे येतात. त्यांची बुरशी अल्कोहोल सहन करते, तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर बुरश्यांना ते जमत नाही. म्हणजे पाणी साचलेलं झाड भुंगेऱ्याला आमंत्रण देतं आणि त्याच्या बुरशीला मोकळं रानही. भारी काळ्या जमिनीत, ड्रिपर खोडाला खेटून ठेवलेल्या बागांत हे जास्त दिसतं. ड्रिपर खोडापासून किमान दीड-दोन फूट लांब न्या. पाणी द्यायच्या आधी हातभर माती उकरून मूठ आवळून बघा, गोळा होत असेल तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्याआधी चर मोकळे करा.

बहारासाठी ताण द्यायचा (फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडायचं) असेल तर टप्पा २ आणि ३ ताणापूर्वी उरकलेले हवेत. खूण केलेल्या, अशक्त किंवा नुकतं खोड काढलेल्या झाडांना त्या वर्षी ताण देऊ नका आणि पानगळीचं औषधही मारू नका.

सापळा घरी होतो. दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला दोन बाजूंनी खिडक्या कापा, तळाशी साबणाचं पाणी, वर तारेला स्पिरिटमध्ये भिजवलेला स्पंज. कमरेच्या उंचीवर टांगा, आठवड्याने स्पंज पुन्हा भिजवा. सापळा बागेच्या मधोमध लावायचा नाही, कारण वासाने आलेले सगळे भुंगेरे बाटलीत पडत नाहीत, काही शेजारच्या झाडावर बसतात. बांधाच्या बाजूला, डाळिंबापासून लांब टांगा. आणि हे ध्यानात ठेवा की अल्कोहोलच्या सापळ्यात झायलोसँड्रस, झायलेबोरस असे भुंगेरे भरपूर येतात, युवॅलेशिया त्या मानाने कमी. सापळा रिकामा असला तरी खोडाची तपासणी चालूच ठेवायची. पावसाची उघडीप मिळून दोन-चार दिवस उबदार गेले की लगेच एक फेरी मारा.

काढलेल्या झाडाच्या जागी लगेच नवीन डाळिंब लावू नका. खड्डा उघडा ठेवून उन्हाळ्याचं ऊन खाऊ द्या, राहिलेली मुळं वेचून जाळा. नवीन रोपं घेताना गुटी कलम (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) कुठल्या बागेतून आलंय ते विचारा आणि शक्य असेल तर ती बाग स्वतः जाऊन बघा. मर असलेल्या बागेतलं कलम दिसायला अगदी टवटवीत असू शकतं. म्हणून आलेल्या रोपांपैकी एक रोप बुडाशी आडवं कापून लाकूड बघा, आणि डाग दिसला तर गाडी तशीच परत पाठवा.